चाळिसावी कॉट

“सूनबाई, एक फोडून बघा आणि मग पोती शिवा,” तुकोजीकाका म्हणाले होते, आणि मी म्हटलं होतं, “मग मीटर कशाला आणलाय, काका?”

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. बडोद्याला गोरव्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. आम्ही डॉवेल बनवतो. डॉवेल म्हणजे दोन लाकडं जोडताना आत ठोकायची लाकडी खुंटी. खुर्चीचा पाय आणि बैठक, कपाटाची फळी आणि बाजू, यांच्या पोटात ती असते आणि नीट बसली असेल तर जन्मात कुणाला दिसत नाही. गांधीधामहून बीच नावाच्या परदेशी झाडाचं लाकूड येतं. त्याच्या चौकोनी पट्ट्या कापायच्या, मशीनमधून ओढून गोल दांडे करायचे, दांड्यांवर लांब खाचा पाडायच्या म्हणजे गोंद आत उतरतो, मग तुकडे पाडायचे आणि ड्रममध्ये घोळायचे. शेवटी ट्रेमध्ये पसरून सहा दिवस गरम हवेच्या खोलीत ठेवायचे. त्या खोलीला आम्ही भट्टी म्हणतो.

त्या आठवड्यात भट्टीचा पंखा जळाला होता. सहा दिवसांच्या ऐवजी लॉटला तीनच दिवस मिळाले होते. माझा नवरा हेरंब लाकूड बघायला गांधीधामला गेला होता. इरा दोन महिन्यांची, ऑफिसात घोडियात, म्हणजे पाळण्यात, झोपलेली. आणि कुशलभाईंचा टेम्पो फाटकात हॉर्न वाजवत उभा. कुशलभाई लहान मुलांच्या कॉट बनवतात, कठडे असलेल्या. त्यांना नवरात्राच्या आधी दुकानांत माल पोचवायचा होता.

मी मीटरच्या दोन सुया एका डॉवेलमध्ये टोचल्या. आठ टक्के ओलावा. दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात साडेसात. हवा होता तेवढाच.

“हे यंत्र लाकडाच्या कातडीला विचारतंय,” काका म्हणाले. “पोटात काय आहे ते कातडीला काय ठाऊक. आणखी चार दिवस द्या.”

तुकोजीकाका सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. त्यांची स्वतःची एक पद्धत आहे: मूठभर डॉवेल स्टीलच्या ताटात टाकून आवाज ऐकतात, आणि शंका आली तर एक उभा फोडून आतली बाजू गालाला लावतात. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. गालाला लाकूड लावून ओलावा मोजणाऱ्या माणसाकडे मी हसून बघितलं. वाईट हसले नव्हते, पण हसले होते.

“टेम्पोवाल्याला चार दिवस चहा पाजत बसू का?”

“मी पाजतो.”

“काका, शिवा आता.”

त्यांनी पोती शिवली.

कुशलभाईंनी त्या डॉवेलच्या चाळीस कॉट केल्या. पावसाळी हवेत डॉवेल भोकात घट्ट बसले, हातोडीने ठोकावे लागले, म्हणून त्यांचे कारागीर खूश. त्यांतली एक कॉट त्यांनी दिवाळीच्या आधी इराला भेट म्हणून पाठवली. डोक्याकडच्या पट्टीवर लाल, पिवळा, हिरवा असे तीन लाकडी मणी, मुलाने बोटाने फिरवायचे. सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरात ती खिडकीजवळ ठेवली.

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पारा एकेचाळीसवर होता. दुपारी मी स्वयंपाकघरात डाळ घोटत होते. इरा दहा महिन्यांची, कठडा धरून उभी राहून स्वतःशी गप्पा मारत होती. मुलाच्या आवाजाकडे आईचा एक कान कायम लागलेला असतो. त्या कानाला एक बारीक ‘टक्’ ऐकू आलं. त्यानंतर गप्पा बंद.

मी बाहेर आले तेव्हा कठड्याचं एक टोक खांबातून सुटून बाहेर झुकलं होतं आणि इरा त्याच्यावर पोटाने ओणवी होती. पाय गादीवरून उचललेले. ती घाबरली नव्हती. खालच्या फरशीकडे कुतूहलाने बघत होती. मी तिला फ्रॉकच्या पाठीला धरून ओढलं, त्याच क्षणी दुसरं टोकही सुटलं आणि कठडा फरशीवर आपटला.

ती मग रडली, आवाजाने. मी तिला मांडीवर घेऊन तिथेच खाली बसले. कठड्याच्या टोकातून डॉवेल बाहेर डोकावत होता. चिमटीत धरून ओढला तर दाताच्या डॉक्टरने दुधाचा दात काढावा तसा अलगद हातात आला. खाचांमध्ये वाळलेला गोंद होता, पण त्याने भोकाला धरलेलंच नव्हतं. तो आमचाच डॉवेल होता. आमच्या कटरची एक खाच किंचित तिरकी पडते, आम्ही तो कटर गेली तीन वर्षं बदलू बदलू म्हणतोय.

इराला कडेवर घेऊन मी कारखान्यात गेले. व्हर्नियरने मोजला. पाहिजे बारा मिलिमीटर, भरला अकरा पॉइंट सहा. आत राहिलेला ओलावा उन्हाळ्यात सुकला होता आणि लाकूड आक्रसलं होतं.

काकांनी डॉवेल हातात घेतला, तिरकी खाच बघितली, आणि पहिल्यांदा विचारलं, “इरा?”

“काही लागलं नाही.”

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग विचारलं, “किती गेल्या होत्या?”

“चाळीस.”

हेरंब मशीन बंद करून आला. दोन मिनिटांत त्याला सगळं कळलं आणि तो काकांवर घसरला. “काका, ऑगस्टचा लॉट ना हा? पंखा जळाला होता तेव्हाचा? मी इथे नव्हतो, तुम्ही होतात. असा लॉट सोडलातच कसा?”

 काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत उभे राहिले. पुसत राहिले.

“मी सोडला,” मी म्हटलं. “त्यांनी नको म्हटलं होतं. दोनदा.”

हेरंब माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “मला सांगितलं का नाहीस?”

“सांगण्यासारखं वाटलंच नाही तेव्हा.”

हे खरं होतं, आणि हेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

कुशलभाईंचं युनिट पाच मिनिटांवर. आम्ही तिघंही तसेच निघालो. मी डॉवेल त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “रसिकाबेन, बेसो. पाणी पिओ. एक कॉट ढिली झाली म्हणजे चाळीस ढिल्या होत नाहीत.”

“तुमच्याकडे त्यातली एखादी उरली असेल तर आणा.”

गोदामात तीन होत्या, न विकलेल्या. काकांनी पहिलीचा कठडा दोन्ही हातांनी धरून हलवला. काही झालं नाही. कुशलभाईंनी सुस्कारा सोडला. दुसरीचाही हलला नाही. तिसरीचा काकांच्या हातात आला.

“त्या दोन?” कुशलभाईंनी विचारलं.

“त्यांना अजून कुणी धरून उभं राहिलेलं नाही,” काका म्हणाले.

मग ठरलं. आमच्याकडची एक आणि या तीन वगळता छत्तीस उरल्या. त्या शहरातल्या तीन दुकानांतून विकल्या गेल्या होत्या. दुकानांकडून पत्ते घ्यायचे, घरोघरी जाऊन जुने डॉवेल काढून नवे बसवायचे. पण कुशलभाई म्हणाले, “फॉल्टी बोलू नका. फ्री सर्व्हिस बोला. नाहीतर उद्या बाजारात माझी कॉट म्हणजे मरणाचं मशीन.” हेरंबने मान डोलावली. मीही डोलावली. आमचं नाव त्यांच्यापेक्षा लहान, पण आम्हालाही ते होतं.

काका आणि मी निघालो. पहिले दोन दिवस नीट गेले. लोक चहा देत होते. सयाजीगंजातल्या युनिव्हर्सिटी क्वार्टर्समध्ये एका घरी कठडा ओढणीने खांबाला बांधलेला होता. “हलायला लागला म्हणून बांधलाय,” त्या घरची सून सहज म्हणाली, जसं काही नळाला चिंधी बांधली होती. मी गाठ सोडली. चारही डॉवेल मोकळे होते. ओढणीच्या गाठीवर ते मूल दोन आठवडे झोपलं होतं.

तिसऱ्या दिवशी एका घरी आजींनी दार अर्धंच उघडलं. “सर्व्हिस नको. फ्रीवाले आत येतात आणि मग बिल देतात.”

“आजी, बिल नाही. पाच मिनिटं.”

“म्हटलं ना नको. कॉट मजबूत आहे आमची. बघा तर, आमचा उत्कर्ष कसा नाचतो तिच्यात.”

त्या कौतुकाने बाजूला झाल्या आणि मला दिसलं. वर्षाचा गुबगुबीत मुलगा, दोन्ही मुठींत कठडा, गुडघे वाकवून वाकवून उड्या मारतोय. प्रत्येक उडीला कठडा दोरा जाईल एवढा खांबापासून सुटत होता आणि परत बसत होता. सुटत होता आणि बसत होता. कॉटच्या बाहेर, बरोबर त्या बाजूला, शिलाई मशीनचं लोखंडी पायडल.

मी चप्पल न काढता आत गेले. आजींना बाजूला सारून गेले, हे मला नंतर कळलं. मुलगा काखेत धरून वर उचलला. तो किंचाळला, आजी किंचाळल्या, “अरे कोण बाई ही, पोराला धरते!” आतून त्याची आई धावत आली, हातांना कणीक.

“काका,” मी म्हटलं.

काका उंबऱ्यातूनच पुढे वाकले आणि दोन बोटांनी कठडा आपल्याकडे ओढला. तो आला. दोन बोटांनी.

 मुलाने माझ्या गालाला ओरबाडलं होतं, ते चुरचुरत होतं. त्याच्या आईने त्याला माझ्याकडून घेतलं. सगळ्या गालाला कणीक लागली त्याच्या.

“ही कसली सर्व्हिस?” तिने विचारलं.

मी सांगितलं. डॉवेल आमचे आहेत, ओले होते, वाळायच्या आत मी पाठवले. एका माणसाने सावध केलं होतं. ते हेच.

ती काकांकडे बघत राहिली. आजी मात्र माझ्याकडे वळल्या. “तुला मूल आहे?”

“आहे. दहा महिन्यांची. तिचीच आधी सुटली.”

“आणि तू फ्री सर्व्हिस म्हणून दार वाजवतेस? मी दार लावलं असतं तर? गेली असतीस पुढच्या घरी?”

 कदाचित गेले असते. उद्या परत येऊ असं म्हणून. त्या घरात त्या दिवशी कुणी चहा दिला नाही आणि बरंच केलं.

बाहेर आल्यावर मी कुशलभाईंना फोन लावला. “यापुढे मी खरं सांगणार आहे. आणि दुकानांत कागद लावायचा आहे, कॉटच्या फोटोसकट.”

“बेन, थोडं थांबा, शांती राखो...”

“आत्ताच एका घरी थांबायला सांगत होते मला, कुशलभाई.”

 मागे त्यांच्या युनिटमधली करवत ऐकू येत होती. “मारुं नाम तो लखशो ज ने,” ते शेवटी म्हणाले. माझं नाव लिहिणारच तुम्ही.

“आमचं वर लिहिते. तुमचं खाली.”

“खाली जरा बारीक लिहा,” ते म्हणाले, आणि दोन तासांनी स्वतःचे दोन कारागीर आणि टेम्पो माझ्याकडे पाठवून दिला.

कागद लागल्यावर वेग आला. लोक आपणहून फोन करू लागले. कुणी शिव्या दिल्या, एका बाईंनी फोनवर फक्त रडून फोन ठेवला, मग नवऱ्याने करून पत्ता सांगितला. दोन कॉट आणंदला गेल्या होत्या, एक भरूचला. हेरंब स्वतः गेला. बारा दिवसांत आमच्या वहीत एकोणचाळीस कॉटपुढे बरोबरची खूण झाली. कुणालाही काही झालं नव्हतं. एका मुलीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, तिच्या आईने ते भिंतीवर आपटल्याचं समजून औषध लावलं होतं. मी तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, “सांगितलं नसतं तरी चाललं असतं.” मला नसतं चाललं.

चाळिसावी राहिली.

ती सयाजीगंजातल्या दुकानातून गेली होती. तिथे पिलाजीराव म्हणून जुने सेल्समन आहेत. पत्ता त्यांनी लिहून घेतला नव्हता. दिवाळीच्या गर्दीत विकली, एवढंच. पण गिऱ्हाईक मराठी बोलत होतं, म्हणून त्यांच्या लक्षात होतं.

“जोडपं होतं, ताई. तो नंदेसरीच्या एका प्लँटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होता, त्याच्या शर्टावर कंपनीचं नाव नव्हतं. ती सातव्या महिन्याच्या आसपासची. हसरी. विचारत होती, ‘काका, ही मोडून पुन्हा बांधता येईल ना? पहिलं बाळंतपण माहेरी, कॉट आधीच पाठवून देते, नाहीतर आई झोळी बांधेल.’”

“माहेर कुठलं?”

पिलाजीरावांनी डोळे मिटले. “भुसावळच्या अलीकडे म्हणाली की पलीकडे... खानदेश एवढं नक्की. रेल्वे पार्सलने टाकली त्यांनी.”

“नाव?”

“तो तिला ‘ए’ म्हणत होता, ताई. नवरे काय नावाने हाक मारतात?”

काका आणि मी नंदेसरीच्या फाटकांवर चार दिवस उभे राहिलो, शिफ्ट सुटताना. ठेकेदार म्हणाले, खानदेशातली मुलं वीस आहेत, पन्नास येऊन गेली. एकजण म्हणाला, असा एक होता, बायको गावाला गेली म्हणून सारखा फोनवर असायचा. जानेवारीत काम संपलं, तोही गेला. फोन नंबर बदललाय. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात मी तीनदा गेले, नोंद सापडली नाही. हेरंब भुसावळ आणि जळगावच्या फर्निचरच्या दुकानांत कागद लावून आला, पण ज्याने कॉट बडोद्यात घेतली तो तिथल्या दुकानात कशाला जाईल?

म्हणून हे लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे.

हिशेब मी रोज करते. बाळ डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत झालं असणार. आज मे संपत आला. म्हणजे पाच महिन्यांचं, अजून पालथं पडत असेल, मण्यांकडे हात करत असेल. आणखी दोन-तीन महिन्यांत बसेल, आणि मग एक दिवस कठडा धरून स्वतःला वर ओढेल. इराने ओढलं तो दिवस मला आठवतो. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि मधे पावसाळा आहे. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. हवा दमट झाली की लाकूड फुगेल, डॉवेल भोकात पुन्हा घट्ट होईल. उन्हाळ्यात जो कठडा डुगडुगत होता तो जुलैत पक्का वाटेल. आजोबा हलवून बघतील आणि म्हणतील, बघ, मुरलं लाकूड. गोंदाने तेव्हाही काही धरलेलं नसेल.

तुम्ही भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर, त्या पट्ट्यात कुठे राहत असाल, किंवा तुमचं कुणी तिथे असेल, तर आळीत विचारा. बडोद्याहून बाळंतपणाला आलेली लेक. जावई नंदेसरीला होता. फिक्या लाकडाची, कठड्यांची कॉट, डोक्याकडे तीन मणी, लाल, पिवळा, हिरवा. मुलगा आहे की मुलगी मला माहीत नाही, नाव माहीत नाही. ती कदाचित अजून माहेरीच असेल, कदाचित दुसऱ्या गावी गेली असेल आणि कॉट बरोबर नेली असेल.

सापडली तर कठडा हलवून बघत बसू नका, घट्ट आहे म्हणून परत फिरू नका. आधी बाळ बाहेर काढून खाली चटईवर ठेवायला सांगा, आणि बडोद्याला गोरव्याच्या डॉवेल कारखान्यात मला कळवा. मी येईन, किंवा काका येतील. आज संध्याकाळी वेळ असेल तर आजच जा. दार अर्धं उघडलं तरी आत बघा, आणि बाळ कशात झोपलंय ते एकदा बघून या.